कल्लिरोईच्या लग्नासाठी भरलेले पिंप

मित्रांनो, सांतोरिनी बेटावर द्राक्षमळे बघायला आलात की मळा हिंडून झाल्यावर तुम्हाला आमच्या थंड, अंधाऱ्या कोठीत आणतात. तिथे मागच्या भिंतीला एक अवाढव्य लाकडी पिंप आहे. त्याला टेकून तुम्ही हटकून फोटो काढता. ते पिंप म्हणजे मी. फोटो झाले की तुम्ही कड्यावरच्या खानावळीत जेवायला जाता आणि सूर्य बुडताना बघत बसता. मी इथेच असतो. समुद्र आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहे म्हणतात. मी तो एकदाही पाहिलेला नाही.

माझा जन्म याच कोठीतला. डोंगराचा मऊ दगड पोखरून केलेली ही जागा. ओकच्या फळ्या बोटीने आल्या आणि खेचरांच्या पाठीवरून बंदराची चढण चढल्या. कारागिराने त्या इथेच विस्तवावर शेकून वाकवल्या आणि त्यांना लोखंडी पट्टे ठोकले. काम संपल्यावर त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा दाराकडे पाहिले आणि पोट धरून हसला.

"अर्गिरी, हे काही आता या दारातून बाहेर निघायचं नाही हं. डोंगरच फोडावा लागेल."

"निघायचंय कशाला?" मालक अर्गिरिस म्हणाला. "घरचंच आहे ते."

तेव्हा तो नुकताच लग्न झालेला उमदा गडी होता. पहिली काही वर्षे माझी फार मजेत गेली. शरद ऋतू आला की नवी वाइन पोटात खदखदायची आणि ईस्टरपर्यंत मी रिकामा व्हायचो. लोक माझ्याभोवती नाचायचे, भांडायचे, माझ्यावर कोपर टेकून एकमेकांच्या चहाड्या करायचे. मळा मी कधी पाहिला नाही, पण तो माझ्यापर्यंत यायचा. वाऱ्यापायी आमच्याकडे वेल मांडवावर चढवत नाहीत, जमिनीवरच टोपलीसारखे गोल विणतात आणि घड त्या टोपलीच्या आत वाढतात. हे सारे मी ऐकून ऐकून शिकलो.

मग अर्गिरिसला मुलगी झाली. तिचे नाव कल्लिरोई ठेवले.

आमच्याकडे मुलगी झाली की उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाइन तिच्या नावाने ठेवतात आणि ती तिच्या लग्नात उघडतात. लोक त्यासाठी काखेत मावेल एवढे पिंप भरतात. अर्गिरिसची छाती मात्र अशी फुगली होती की विचारू नका. त्याने मला भरले. पुरता, गळ्यापर्यंत!

"अरे, मुलीचं लग्न लावणार आहेस की अख्ख्या बेटाचं?" गावकरी म्हणाले.

"अख्खं बेट पिऊन तर्र झालं पाहिजे!" अर्गिरिस म्हणाला आणि त्याने बूच ठोकून वर मेण ओतले.

त्या मेणाबरोबर मीही बंद झालो, मित्रांनो. मला हात लावायचा नाही, नळ ठोकायचा नाही. वर्षातून एकदा अर्गिरिस बूच काढून आटलेली जागा भरायचा, बोटांनी टकटक करून ऐकायचा आणि पुन्हा मेण ओतायचा. बाकी पिंपे भरत होती, रिकामी होत होती. मी नुसता जड होऊन उभा होतो.

कल्लिरोई मोठी झाली. हसरी, तिखट जिभेची आणि हाताला अशी चव की तिच्या टोमॅटोच्या भज्यांचा वास आला की पाहुणे वाइन तशीच टाकून उठायचे. तिला मागण्या येऊ लागल्या. पण अर्गिरिसचे डोके माझ्यापायी फिरले होते. एवढी वाइन ज्याच्या लग्नात ओतायची, तो जावईही तेवढाच मोठा नको का? बेकरीवाल्याचा मुलगा किरकोळ ठरला. शाळामास्तर फाटका ठरला. मग बोटींची इंजिने दुरुस्त करणारा स्त्रातिस आला, आईला घेऊन आणि मिठाईचा डबा घेऊन. तो कल्लिरोईला आवडला होता. हे मला पक्के ठाऊक आहे, कारण आदल्या दिवशी तिने शेजारच्या पिंपाच्या पितळी नळात बघून केस नीट केले होते.

अर्गिरिसने त्याला माझ्यासमोर उभे केले. "बघ. हे हिच्या लग्नाचं. याला साजेसं घर आहे का तुझं?"

स्त्रातिस बिचारा मान वर करून माझी उंची बघू लागला. त्याची आई मात्र उसळली. "अहो, आमचा पोरगा लग्न करायला आलाय, पिंपात पोहायला नाही! चल रे."

मिठाईचा डबाही ती परत घेऊन गेली. कल्लिरोई पाठमोरी होऊन पेले पुसत होती. ते सगळे पेले आधीच पुसलेले होते.

त्यानंतर कोणी आले नाही. वर्षे गेली. तिचा बराच धाकटा भाऊ इयाकोवोस याने कड्यावर खानावळ काढली. पाहुण्यांच्या गाड्या येऊ लागल्या. आधी मळा, मग आमची कोठी, मग इयाकोवोसकडे जेवण. कोठी कल्लिरोईच्या गळ्यात पडली. तिची मैत्रीण फोतिनी सिरोस बेटावर छोटी खानावळ चालवायची. ती दर वर्षी फोन करायची, "ये गं, तू रांध, मी वाढते. अजून किती वर्षं लोकांना पिंपं दाखवत बसणार?"

कल्लिरोईने एकदा बापाकडे विषय काढला. अर्गिरिस खेकसला, "तुझ्या लग्नाची वाइन सोडून तू कुठे जाणार? ती राखायची कोणी? लोक काय म्हणतील?"

ती पुन्हा पेले पुसू लागली. मला किती वाईट वाटले म्हणून सांगू! मी दारापेक्षा मोठा म्हणून आत अडकलो होतो. ती तर त्या दारातून सहज जाऊ शकत होती, आणि तिच्या पायात मलाच बांधले होते.

गेल्या वर्षीची गोष्ट. पाहुण्यांचा एक घोळका आला. अर्गिरिस दाराशी काठी घेऊन बसला होता. घोळक्यातल्या एका पिकल्या केसांच्या बाईने माझ्याकडे बोट दाखवले. "यातली चाखायला मिळेल?"

"नाही हो," कल्लिरोई पेले भरत म्हणाली. "ती घरच्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलीय."

"अय्या, किती छान! कधी आहे लग्न? मुलगी केवढी आहे?"

"तुम्हाला वाइन ओततेय ना, तीच," कल्लिरोई म्हणाली. "पंचावन्नची आहे."

सगळे हसले. तीही हसली. हा विनोद ती दर उन्हाळ्यात करायची. पण त्या दिवशी तिचे हसू मध्येच थांबले. तिने बाटली खाली ठेवली, कोपऱ्यातला लाकडी हातोडा आणि एक नळ उचलला आणि माझ्याकडे आली.

"कल्लिरोई! काय करतेस?" अर्गिरिस ओरडला.

"वाइन काढतेय, बाबा."

"लग्न कुणाचंय?"

"कुणाचंच नाही. आणि होणारही नाही. तुमच्या जिभेला चव आहे तोवर पिऊन घ्या."

एका दणक्यात तिने नळ ठोकला. माझे सारे अंग थरारले. काळ्या मधासारखी दाट वाइन वाहू लागली आणि कोठीभर अंजिरांचा आणि जुन्या उन्हाचा वास पसरला. अर्गिरिस काठी उगारून आला खरा, पण तिने पहिला पेला त्याच्याच हातात दिला. त्याने तो आधी नाकाशी धरला. मग तो प्यायला.

"स्त्रातिसला हो म्हणायला हवं होतं मी," तो म्हणाला.

"हो बाबा, म्हणायला हवं होतं."

ती नाही म्हणेल, जाऊ द्या म्हणेल, अशी त्याला आशा असावी. ती तसे म्हणाली नाही. म्हातारा पायरीवर बसला आणि टोपीत तोंड खुपसून रडला. शेवटी नाक पुसत म्हणाला, "फोतिनीला सांग, येते म्हणून."

"कालच सांगितलंय."

गाव आठवडाभर माझी वाइन पीत होते. कल्लिरोई एक पेटी आणि आपली तवी घेऊन सिरोसच्या बोटीत बसली. बोटीचा भोंगा मला इथवर ऐकू आला.

रिकाम्या पिंपाचे काय होते, ठाऊक आहे ना? फळ्या वाळतात, आकसतात, पट्टे सैल होतात. मी कुरकुरू लागलो. इयाकोवोसच्या डोक्यात भलतेच शिरले. "बाबा, याची एक बाजू कापू, आत दोन खुर्च्या टाकू. पाहुणे पिंपात बसून जेवतील!"

"तू बस आधी. मी वरून झाकण लावतो," अर्गिरिस म्हणाला.

मग यंदा, द्राक्षे उन्हात वाळत असताना, इयाकोवोस तान्ह्या लेकीला घेऊन आला. त्याचा आवाजच बदलला होता. "कापायचं राहू दे, बाबा. पिंप भरू या. एलेओनोराच्या नावानं. ताईच्या वेळी भरलं होतंत तसंच, गळ्यापर्यंत!"

खरे सांगतो, माझी फळीन्‌फळी आसुसली होती. भरलो नसतो तर यंदाच्या हिवाळ्यात मी उकलून पडलो असतो. पण पुन्हा ते बूच, ते मेण, आणि या एवढ्याशा जिवाने वर्षानुवर्षे माझ्याशेजारी पेले पुसत राहायचे?

अर्गिरिसने नातीला मांडीवर घेतले. "भर. पण हिच्या नावानं नको. यंदा भर, ईस्टरला रिकामं कर, पुन्हा भर."

"आणि हिच्या लग्नाला?"

"लग्न केलंच हिनं, तर दुकानातून आणू."

"आपण? दुकानातून?" इयाकोवोसचा आ वासला तो मिटेचना.

तर मित्रांनो, आता माझ्यात यंदाची वाइन खदखदते आहे. माझे एवढेच मागणे आहे. आमच्यासारख्या जुन्या पिंपांना कोरडे पडू देऊ नका, आमचे पट्टे वेळेवर आवळा, आम्हाला कापून खुर्च्या मांडू नका. पण जपण्याच्या नावाखाली कोणाला आमच्या दावणीला बांधूही नका. भरा, प्या, पुन्हा भरा.

आणि सिरोसला गेलात तर बंदरावर फोतिनीकडे जरूर जेवा. कल्लिरोईच्या हातची पांढऱ्या वांग्याची भाजी मागा. अर्गिरिस प्रत्येक पाहुण्याला हेच सांगतो. तिथे जेवून कोणी पुन्हा आमच्याकडे आलेच, तर भाजी कशी होती, हे म्हातारा विचारत नाही. त्याला पेला देण्याआधीच काठीवर पुढे झुकून म्हणतो, "हसत होती का?"