चारची मोजणी

माझ्या सवतीचं नाव हॉलिस. तिला मिशी आहे, तिचे गुडघे दुखतात आणि ती जुनाट लाल पिकअप चालवते. हसा, हसा. तुमच्या नवऱ्याला असा कुणी चिकटला असता म्हणजे कळलं असतं.

डेल, माझा नवरा, फौजेत होता. इराकहून आला तो धड आलाच नाही. एका बारमध्ये त्यानं एकाला इतका बडवला की त्या माणसाचा डोळा गेला. मग तुरुंग. ती सगळी वर्षं मी इथं सलायना गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढत काढली आणि बसनं भेटीला जात राहिले. हॉलिसही फौजेतला, आणि तोही आत राहून आलेला. आधी सुटलेल्या सैनिकानं मागून सुटणाऱ्याला हात द्यायचा, अशी या लोकांची पद्धत आहे. त्यातून हा डेलच्या वाट्याला आला. चांगलं काम आहे हो, नाही कोण म्हणतं?

पण डेल सुटला त्या दिवशी मी नवा निळा झगा घालून फाटकाशी उभी, आणि हा पट्टा घेऊन हजर. कमरेचा पट्टा! आत पट्टा काढून घेतात आणि सुटणाऱ्याची विजार कमरेवर ठरत नाही, हे मला कुठून माहीत असणार? मी त्याच्या आवडीचा केक केला होता. डेलनं पट्टा बांधला आणि ढसाढसा रडला. केककडं ढुंकूनही पाहिलं नाही.

तेव्हापासून रोज दुपारी चारच्या आत हॉलिसचा फोन. रविवार नाही, सण नाही. फोन वाजला की डेल खोलीत जाणार, दार लावणार, आणि थोड्या वेळानं हलका होऊन बाहेर येणार. मी विचारलं, “काय बोलता रे एवढं?” तर म्हणे, “काही नाही, असंच.” असंच! माझ्याशी ‘असंच’ बोलायला याला तोंड नव्हतं का?

लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दुपारी उशिरा जेवायला बाहेर गेलो. मांसाचा तुकडा नुकता पुढ्यात आलेला, आणि वाजला मेला फोन. डेल उठून थेट पार्किंगमध्ये. मी काचेतून बघत बसले. तिथं तो हसत होता. माझ्यासमोर तो तसा हसला त्याला किती वर्षं झाली असतील, देव जाणे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी शाळेतूनच मी हॉलिसला फोन लावला.

“नवरा माझा आहे का तुझा?”

“मॅडम, काय झालं?” मॅडम म्हणतो, म्हणजे वर सभ्यही!

“आजपासून त्याला फोन करायचा नाही. बोलायचं नाही. त्याला काय हवं-नको ते मी बघीन.”

“मॅडम, चार वाजता त्याला...”

“चारला मी घरी असते. शब्द दे.”

 शेवटी तो म्हणाला, “दिला.” मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! घरी जाताना मी डुकराच्या चांगल्या फासळ्या घेतल्या.

फासळ्या ओव्हनमध्ये घातल्या, बटाटे कुस्करले, हाका मारल्या. डेल येईना. खोलीत डोकावले तर तो पलंगाशेजारी ताठ उभा. बूट जोडीनं लावलेले, हातात फोन, कपाळावर घाम.

“असा काय उभा आहेस खांबासारखा?”

“मोजणी आहे.”

“कसली मोजणी?”

“चारची. आत रोज कैद्यांची मोजणी असायची. पलंगाशी उभं राहायचं, झाली म्हणून सांगेपर्यंत हलायचं नाही.”  “मला कळतंय गं, हे घर आहे. पाय ऐकत नाहीत. हॉलिस फोनवर म्हणतो, ‘तुझी झाली.’ मी म्हणतो, ‘तुझीही झाली.’ मग बसता येतं. आज त्याचा फोन नाही. मी लावला तर उचलत नाही.”

“एवढंच ना? झाली मोजणी! बस खाली.”

तो वाकला. खरंच वाकला, आणि पुन्हा ताठ झाला.

“तुझ्यानं नाही होत, नोरीन. तू तिथं नव्हतीस.”

तिथं नव्हतीस! त्या बस, ती झडती, भेटीतली ती मधली काच, ते सगळं कुणासाठी केलं होतं मी? तळपायाची आग मस्तकात गेली. पण तो पलंगाशी तसाच खिळून होता. मी हॉलिसला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. शब्द पाळतोय होय मेला, तोही आजच! म्हटलं थांब, येतेच. ओव्हन बंद केला, गाडी काढली.

हॉलिस पशुखाद्याच्या दुकानामागं एकटा राहतो. दार नुसतं लोटलेलं होतं. “हॉलिस!” मी ओरडतच आत शिरले आणि जागच्या जागी थांबले.

तो पलंगाशेजारी उभा होता. ताठ. पायात नुसते मोजे, ते दुखरे गुडघे थरथरताहेत.

“फोन का उचलला नाहीस?” माझा आवाज आपोआप खाली आला.

त्यानं डोळ्यांनीच पलीकडचं टेबल दाखवलं. “शब्द दिला होता, मॅडम. हाताशी असता तर केला असता, म्हणून लांब ठेवला. मग चार वाजले.”

टेबल चार पावलांवर होतं. तिथवर त्याला जाता येत नव्हतं.

“मला सांगायचंस की रे.”

“सांगत होतो.”

मी टेबलाशी गेले. त्याचाच फोन उचलला आणि डेलला लावला. माझ्या फोनची घंटा डेल कितीदा तरी वाजू देतो. आज अर्धीसुद्धा वाजली नाही.

“हॉलिस?” डेल म्हणाला. “हॉलिस, तू आहेस ना?”

असा आवाज मला कधी मिळाला नव्हता, लग्नाआधीही नाही. काळीज जळत होतं, खोटं कशाला बोलू?

“मी आहे,” मी म्हटलं. “थांब, देते त्याला.” आणि फोन हॉलिसच्या कानाशी धरला.