रागाने आपटलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. घराचा पुढचा, मानाचा दरवाजा नव्हे. त्याला घंटी असते, नावाची पाटी असते, पाहुणे त्याच्याकडे बघत उभे राहतात. मी आतल्या खोलीचा. मला लावतात आणि उघडतात, एवढाच माझा मान. माझ्या नशिबी मात्र आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे आपटले जाणे. त्याचीच ही हकिगत आहे.

माझा जन्म घरामागच्या शेडमध्ये झाला. या घरातले बाबा सुतार आहेत. थोरली मुलगी पाळण्यात होती तेव्हा त्यांनी मला घडवले. गिऱ्हाइकांच्या कामातून उरलेल्या फळ्या त्यांनी वर्षभर बाजूला ठेवल्या होत्या, म्हणून माझ्या तीन फळ्यांचे रंग तीन आहेत. बाबांनी मला इतका रंधा मारला की आई म्हणाली, "अहो, दरवाजा करताय की आरसा?" बाबा म्हणाले, "पोरीच्या खोलीचा आहे. हाताला कुसळ लागायला नको." त्या बोलण्याचा मला अजून अभिमान वाटतो.

थोरली माझ्या आधाराने उभी राहायला शिकली. चौथ्या वर्षी तिचा हात कडीपर्यंत पोहोचला. मग धाकटी आली आणि खोली दोघींची झाली. धाकटीला एक खोड होती. ती ताईच्या मागे मागे फिरायची, आणि खोलीत शिरताना हमखास माझी बिजागरीकडची कड धरायची. का, ते तिलाच ठाऊक. लहान मुलांना काही जागा उगाचच आवडतात.

थोरलीचा आवाज जन्मापासून मोठा. ती रडू लागली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाई. बाबांनी लाडाने तिचे नाव 'तोफ' ठेवले. लहानपणी तिलाही ते आवडे. पाहुणे आले की ती दोन्ही हात वर करून 'धडाम' म्हणायची आणि सगळे पोट धरून हसायचे. पुढे ती अकरा वर्षांची झाली, बारा झाली, तेरा झाली. नाव तेच राहिले, पण तिचे त्यावर हसणे थांबले. हे फक्त मला माहीत होते, कारण ती मला लावून घेऊन माझ्या मागे रडायची.

रडण्याआधी ती मला आपटायची. अगदी खरे सांगतो, मला पहिल्या वेळी रागच आला. ज्या घरात माझी कुसळे काढून मला गुळगुळीत केले, त्याच घरात हे? चौकटीचे पोपडे उडाले, कडी सैल झाली. कधी शाळेत काही झालेले असायचे, कधी जेवताना कुणी काही बोललेले असायचे. तिचा पारा चढला की ती कुणाशी चकार शब्द बोलायची नाही. सरळ माझ्याकडे यायची.

आता बाबांचे ऐका. माणूस भला, हाताने कसबी, पण सुतार तो सुतार. आवाज कुठून येतो? दरवाजातून. मग बिघाड कुठे आहे? दरवाजात. त्यांनी आधी चौकटीला रबराची पट्टी ठोकली. आवाज थोडा कमी झाला, पण आपटणे तसेच राहिले. मग जमिनीवर दार अडवणारा थांबा बसवला. तो महिनाभरात उखडला. शेवटी त्यांनी एका बंद पडलेल्या कचेरीतून काढलेला डोअर क्लोजर आणला आणि माझ्या डोक्यावर बसवला. त्यात तेल असते. कितीही जोरात ढकला, दरवाजा आपला सावकाश, साहेबासारखा लागतो.

बाबा खूश झाले. "आता आपट म्हणावं," असे आईला म्हणाले. 

थोरलीचे काय व्हायचे ते मी पाहत होतो. तिचा राग मनात मावत नसायचा आणि मी मात्र सावकाश चाललेला असायचो. ती दोन्ही हातांनी, अंगाचे सगळे बळ लावून मला ढकलायची. रोज थोडे जास्त. मित्रांनो, राग जाण्याची वाट बंद केली म्हणून तो जात नाही. तो नुसता जोर करायला शिकतो.

मग तो रविवार आला. आदल्या दिवशी शाळेच्या सामन्यात थोरलीने पंचांवर आवाज चढवला होता आणि तिला संघातून काढले होते. ती माफी मागायला सकाळी खेळाच्या बाईंच्या घरी गेली होती. बाईंनी ऐकून घेतले नाही. ती घरी आली तेव्हा बाहेरच्या खोलीत बाबांचे दोन मित्र चहा पीत बसले होते. तिचे डोळे लाल होते. बाबांनी ते पाहिले, आणि जे नेहमी करायचे तेच केले. "या, या! आज कुठे डागली तोफ?"

मित्र हसले. बाबाही हसले. त्यांच्या मनात पाप नव्हते, एवढे मी शपथेवर सांगेन.

ती तडक आत आली. तिच्या मागोमाग धाकटी धावत आली. थोरलीने मागे न पाहता मला रोजच्या सवयीने, सगळ्या ताकदीने ढकलले. पण त्या दिवशी मी सावकाश गेलो नाही. माझ्या डोक्यावरच्या क्लोजरमधले तेल गळून संपले होते. मला स्वतःला थांबवता आले नाही. बिजागरीकडच्या फटीत धाकटीची दोन बोटे होती.

त्यानंतरचा ओरडा मी सांगत बसत नाही. एक नख गेले, चार टाके पडले. बोटे वाचली. संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर बाबांनी पेचकस घेतला, माझ्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि मला शेडमध्ये नेऊन भिंतीशी टेकवून ठेवले. खोलीला पडदा लावला. सगळा दोष माझाच होता म्हणायचे.

शेडमध्ये माझ्या अंगावर भुसा साचू लागला. घरात काय चालले आहे ते मला दिसत नव्हते. पण आरडाओरडा ऐकू येत नव्हता, आणि बाबा कामाच्या तंद्रीत शीळ घालत होते, त्यावरून घर शांत असावे असे वाटले. पंधरा दिवसांनी आई शेडमध्ये आली. रंध्याचा आवाज थांबेपर्यंत ती उभी राहिली.

"पोरगी बोलत नाही," ती म्हणाली.

"बरंय की. ओरडत तरी नाही."

"अहो, तिने पंधरा दिवसांत धाकटीला हात लावलेला नाही. उचलून घेत नाही, जवळ बसत नाही. जेवायला बसली की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवते. काल मला विचारत होती, हात बांधून ठेवता येतात का म्हणून."

बाबांनी रंधा खाली ठेवला.

"इतके दिवस तुम्ही दरवाजाचं बघताय," आई म्हणाली. "पोरीचं कोण बघणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने थोरलीच्या हाती बाबांचा चहा पाठवला. बाबा एका गिऱ्हाइकाची खिडकी दुरुस्त करत होते. ती लागताना अडकायची. त्यांनी खडू घेतला, खिडकीच्या कडेला घासला, खिडकी हळूच लावली आणि उघडली. चौकटीवर एका जागी पांढरा डाग उमटला होता.

"हे कशाला?" थोरलीने विचारले. पंधरा दिवसांत बाबांशी बोललेले बहुधा तिचे हे पहिले वाक्य असावे.

"कुठे घासतंय ते कळायला. आधी जागा शोधायची, मग तेवढंच तासायचं. सगळीकडे रंधा मारला तर खिडकी वाया जाते."

एवढे बोलून बाबा खडूकडे बघत राहिले. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि स्टुलावर बसले.

"तुला कुठे घासतं गं?"

 ती जमिनीकडे बघत म्हणाली, "तुम्ही हसता तेव्हा."

बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले.

"मला रडू येत असतं आणि तुम्ही सगळ्यांसमोर तोफ म्हणता. मग माझे कान गरम होतात. मग हात. मग मला काही दिसतच नाही. धाकटी मागे होती ते मला दिसलं नाही, बाबा. खरंच दिसलं नाही."

ती रडू लागली. या वेळी लपायला तिच्याकडे दरवाजा नव्हता. बाबांनी तिला रडू दिले. मध्ये बोलले नाहीत, डोळे पूस म्हणाले नाहीत.

"क्लोजरमधलं तेल गळत होतं," ते नंतर म्हणाले. "आठवडाभर मला जमिनीवर थेंब दिसत होते. मी उद्या बघू, उद्या बघू करत राहिलो. आणि हसलो ते हसलोच. त्या बोटांवर तुझ्या एकटीचा हात नाही पडलेला, पोरी. माझाही पडलाय."

थोड्या वेळाने त्यांनी सुतारासारखाच एक प्रश्न विचारला. "कान गरम झाल्यावर हात गरम व्हायला किती वेळ लागतो?"

"थोडा."

"थोडा म्हणजे?"

तिने विचार केला. "फाटकापासून खोलीपर्यंत येते तेवढा."

"मग तेवढा वेळ आपल्या हातात आहे. तेवढ्यात तोंडाने सांगायचं, मला राग आलाय. कुणाला सांगायचं ते तू ठरव. मला सांगितलंस तर मी हसणार नाही."

त्या संध्याकाळी दोघांनी मिळून मला पुन्हा बसवले. तिने मला खालून आधार दिला, बाबांनी स्क्रू पिळले. डोअर क्लोजर पुन्हा बसवला नाही. त्यानंतर एकदा बाबांचा मित्र आला आणि "तोफ कुठाय?" म्हणाला. बाबा म्हणाले, "ते नाव आता बंद केलंय. तिला आवडत नाही." मित्र जरा ओशाळला. त्याने विषय बदलला.

हे सगळे एका दुपारी सुधारले असे समजू नका. त्यानंतरही ती दोनदा आईवर ओरडली. एकदा तिने चप्पल भिंतीवर मारली. माझ्यापर्यंत यायच्या आत बोलणे तिला दर वेळी जमत नव्हते. आणि धाकटीला ती अजूनही हात लावत नव्हती.

मग एका सुट्टीच्या सकाळी धाकटीने ताईच्या चित्रांच्या वहीतली सहा पाने फाडून त्यांच्या होड्या केल्या. थोरलीने ते पाहिले. तिचे कान लाल झालेले मला दिसले. ती तरातरा माझ्याकडे आली. धाकटी तिथेच, माझ्या बिजागरीपाशी उभी होती. ताईला येताना पाहून तिने झटकन दोन्ही हात पाठीमागे लपवले.

थोरली जागच्या जागी थांबली. इतक्या वर्षांत मी पुष्कळ मार खाल्ला, पण त्या लपवलेल्या हातांनी मला जेवढे लागले तेवढे कशानेच लागले नव्हते. तिला तर किती लागले असेल.

ती खाली बसली, तशी दोघींची तोंडे समोरासमोर आली. ती म्हणाली, "मला खूप राग आलाय. मी आत जाऊन दार लावणार आहे. तू चार पावलं मागे हो. मोठा काटा सहावर आला की मी उघडीन."

धाकटी मागे सरकली. थोरलीने माझी बिजागरीकडची फट पाहिली, मग मला लावले. कडीचासुद्धा आवाज झाला नाही. आत तिने उशीत तोंड खुपसले, गादीवर मुठी मारल्या, रडली. बाहेर धाकटी घड्याळाकडे बघत जमिनीवर बसली.

काटा सहावर आला. थोरलीने मला उघडले.

"संपला?" धाकटीने विचारले. हात अजून मागेच होते.

"थोडा उरलाय."

धाकटीने विचार केला. "मग मी थांबते," ती म्हणाली. तिने पाठीमागून हात काढले, एक हात उंबऱ्यावर टेकला आणि तिथेच मांडी घालून बसली. थोरली तिच्यापासून हातभर अंतरावर बसली.  मग थोरलीने आपला हात उंबऱ्यावर, त्या हाताच्या शेजारी ठेवला.

मित्रांनो, मला कधी आपटू नका असे मी म्हणणार नाही. मी लाकडाचा आहे, सोसेन. राग तुम्हाला येणार, आणि कधी कधी दार लावून एकटे बसावेसेही वाटणार. अवश्य बसा. कुणी "मला राग आलाय" असे सांगितले तर त्याला हसू नका, एवढे मोठ्यांनाही सांगा. आणि दार लावण्याआधी एकदा मागे वळून पाहा. तुमच्यावर माया करणारे कुणीतरी तिथे उभे असते. त्याची बोटे कुठे आहेत, तेवढे पाहा.