भिंगवाल्यांसमोर वाजलेला गजर

घड्याळप्रेमी मंडळाचा एक नियम होता. बैठकीच्या टेबलावर ठेवायचं घड्याळ आधी बंद करायचं आणि काटे दहा वाजून दहा मिनिटांवर आणायचे. तसे ते शोभून दिसतात म्हणे. त्यामुळे हिरव्या कापडावर एकाहून एक उंची घड्याळं मांडलेली असत आणि किती वाजले हे बघायला सगळे खिशातला मोबाइल काढत.

निवृत्त दुभाषीबाईंनी आपलं मनगटी घड्याळ त्या कापडावर ठेवलं ते टिकटिकतच. मंडळात शिरायची त्यांना फार हौस होती. घरी घड्याळाचा विषय काढला की नवरा पेपर उघडायचा. इथे निदान कान देणारी माणसं होती.

"अहाहा!" भिंग पुढे सरसावले. या गृहस्थांच्या डोळ्याला भिंग कायम चिकटलेलं, म्हणून त्यांचं नावच ते पडलं होतं. "प्रवासी घड्याळ! दोन गावांची वेळ, वर गजर, तोही किल्लीचा! बाई, घबाड आहे हो हे."

"आणि याचा गजर म्हणजे चांदीची घंटा," अध्यक्ष म्हणाले. ते दातांचे डॉक्टर. घड्याळाकडेही कीड शोधत असल्यासारखे बघायचे.

"घंटा कसली? रातकिडा. अस्सल रातकिडा!"

दोघांची चांगलीच जुंपली. बाईंनी सहज विचारलं, "तुम्ही ऐकलाय कधी?"

"माझ्याकडे असंच एक आहे, तिजोरीत," अध्यक्ष म्हणाले. "पण वाजवतो कोण? स्प्रिंग झिजते ना!"

भिंगांनी मान डोलावली. त्यांनीही ऐकलेला नव्हता. बाईंनी हसू कसंबसं गिळलं.

अध्यक्षांनी घड्याळ उलटंपालटं केलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "किती हे ओरखडे! कडेला पोचा. तबकडी पिवळी पडलीय. हरकत नाही. पॉलिश करून घ्या, तबकडी नवी बसवा आणि यापुढे गजराला किल्ली द्यायची नाही. एवढं कबूल करा, आजच सभासद करून घेतो. आता ते बंद करा बघू."

बाईंचा हात किल्लीकडे गेला. खोटं कशाला बोला, गेलाच. पण वाटेत बोट त्या पोच्यावर टेकलं आणि तिथेच अडलं.

तो पोचा एका परक्या शहरातल्या हॉटेलच्या जिन्यात पडला होता, फोन गाठायला धावताना. लेक लहान होती तेव्हा बाई देशोदेशीच्या सभांमध्ये दुसऱ्यांची भांडणं भाषांतरित करत फिरायच्या. एक काटा असतील त्या गावाचा, एक घरचा. लेकीची झोपायची वेळ झाली की मनगटावर गजर व्हायचा आणि बाई सभा सोडून फोनवर गोष्ट सांगायला पळायच्या. एकदा साहेबांनी नोकरी घालवायची धमकी दिली. "घालवा," म्हणाल्या आणि गेल्या फोन करायला. आता लेक परदेशात होती, गोष्ट नात मागायची आणि तो दुसरा काटा तिकडची वेळ दाखवायचा.

बाईंनी हात मागे घेतला. "ओरखडा एकही पुसणार नाही. गजर तर वाजणारच."

"म्हणजे सभासद व्हायचं नाही तुम्हाला?"

"व्हायचंय. फार व्हायचंय. पण इतकं महाग पडणार असेल तर नको."

तेवढ्यात गजर वाजला. ना घंटा, ना रातकिडा. पत्र्याच्या डब्यात भुंगा अडकावा तसा घर्रघर्र करत, थरथरत, घड्याळ कापडावरून अध्यक्षांच्या घड्याळाकडे सरकायला लागलं.

"अहो, बंद करा! धक्का लागेल!" अध्यक्षांनी दोन्ही हातांनी आपलं घड्याळ झाकलं.

बाईंनी त्याला मन भरेपर्यंत वाजू दिलं. ते गप्प झाल्यावर मनगटावर बांधलं. एरवी त्या बाहेर गेल्या असत्या. आज खुर्ची ओढून तिथेच ऐसपैस बसल्या, फोन लावला आणि त्याचा आवाज चांगला मोठा केला.

"आजी, आज कसली गोष्ट?"

"राजाची." बाईंनी टेबलावरून नजर फिरवली. "एक होता राजा. त्याच्याकडे खूप खूप घड्याळं होती."

"मग तो वेळेवर झोपायचा?"

"कसला झोपतोय, बाळा! किती वाजले ते त्याला कधी कळायचंच नाही."