झूम करा, चक्र दिसेल!

दिवेलागणीला दिंडोशीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे फोन पश्चिमेकडे रोखलेले आणि प्रत्येक पडद्यावर किरणांचं एक थरथरतं चाक.

"सुदर्शन चक्र!" चंद्रप्रकाश महाराज गरजले. "नुसत्या डोळ्यांना साधा तारा! झूम करा, झूम! पण आधी फोन पवित्र करा."

दसऱ्याला गाडीला हळदकुंकू लावतात, त्याच भक्तीने लोक फोन पुढे करत. महाराज कॅमेऱ्याच्या काचेवर मंतरलेल्या तेलाचं बोट फिरवत. मग गाऱ्हाणं. आमची सोसायटी बहुतेक कोकणातली. गाऱ्हाणं सुरू झालं की तोंडातून 'व्हय म्हाराजा' आपोआप निघतं, मागणं काय ते कोण ऐकतो!

"बा देवा म्हाराजा, सगळ्यांचं नेटवर्क फुल्ल येऊ दे!"

"व्हय म्हाराजा!"

"दवाखान्याची पायरी कायमची सुटू दे!"

"व्हय म्हाराजा!"

हे महाराज वर्षापूर्वी अंधेरीला मालिकांमध्ये ऋषी व्हायचे. मालिका बंद पडली, दाढी तेवढी उरली. मी गालातल्या गालात हसत होतो. तेवढ्यात शेजारच्या नलिनीकाकू हात जोडून पुढे झाल्या.

"माका फोनाशिवाय दिसता! ताऱ्याभोवती रिंगाण!"

"माते, ही दिव्यदृष्टी! या डोळ्यांना सुरी लावलीस तर कायमची जाईल."

काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गुरुवारी होतं, हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं. "मग नको ता ऑपरेशन," त्या म्हणाल्या. परवाच त्या न दिसून जिन्यात पडल्या होत्या. माझं हसू पळालं आणि डोकं सणकलं.

त्यांची मुलगी श्रुतिका कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिने आईचा तेलकट फोन उचलला आणि समोरच्या अर्धवट बांधलेल्या टॉवरच्या टोकावरल्या दिव्याकडे धरून झूम केला. पडद्यावर तस्संच चाक!

"आयला, बिल्डरपण देव?" तळमजल्यावरचा राजेश ओरडला.

"शुक्र आहे रे तो, ग्रह! अंधारातला बारीकसा ठिपका कॅमेऱ्याला नीट धरता येत नाही, म्हणून तो फुगून गोल दिसतो. काचेवरच्या तेलाने किरण फुटतात. आपला हात हलतो, म्हणून चाक थरथरतं." तिने ओढणीने काच पुसली, पडद्यावरच्या टॉवरवर बोट टेकवून फोकस धरला आणि फोन शुक्राकडे वळवला. पडद्यावर नुसता ठिपका उरला.

"श्रद्धेला भिंगातून पाहू नये!" महाराज कडाडले.

"झूम करा म्हणून तुम्हीच बोंबलत होता ना?" राजेश म्हणाला. गच्ची खो खो हसली.

काकू हसल्या नाहीत. "पण माका फोनाशिवाय दिसता, त्याचा काय?"

"आई, जिन्यातल्या बल्बभोवती दिसतं रिंगण?"

"दिसता की."

"रिक्षाच्या दिव्याभोवती?"

"थंयसुद्धा."

"मग रिक्षालाही नारळ फोडायचा? अगं, तुझ्या डोळ्यातलं भिंग गढूळ झालंय. फोनची काच मी पुसली, हे डॉक्टरांनाच बदलू दे. मला भीती वाटते गं, पुन्हा पडशील."

काकू बराच वेळ जिन्यातल्या बल्बकडे बघत राहिल्या. मग लेकीचा हात धरून सावकाश खाली उतरल्या. गुरुवारी ऑपरेशन झालं.

महिन्याभराने त्या गच्चीवर आल्या, शुक्राकडे बघून म्हणाल्या, "एवढोच?"

"एवढाच, काकू."

"बरो दिसता," त्या म्हणाल्या आणि एकट्याच जिना उतरून गेल्या.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला तर आधी काच पुसा. आणि गाऱ्हाण्याला खुशाल 'व्हय' म्हणा, पण मागणं काय आहे ते ऐकून.