आमिनाचा डबा

इंदूबाईचा मुलगा ऋषिकेश उद्या परत मालदीवला नोकरीवर निघणार होता, म्हणून ती आमिनाचा डबा भरायला बसली होती. आमिना म्हणजे त्याची तिकडची घरमालकीण. तिनं डबा भरून सुकी मच्छी पाठवली होती, आणि कुणाचा डबा रिकामा परत करायची कडाव गावात रीत नव्हती. इंदूबाई त्यात घरचा नवा तांदूळ ओतत होती.

शेजारचे धाकलू भाऊजी ओट्यावर मोबाइल बघत बसले होते. भारत आणि मालदीव या दोन देशांची कुरबुर चालली होती आणि भाऊजींचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं.

"त्यांना तांदूळ कशाला गं? टीचभर देश, नि आपल्यावर डोळं वटारतोय. तिकडं दाणा पिकत नाय. आपली जहाजं आठ दिवस थांबवली ना, की सुतासारखं सरळ होतील."

इंदूबाईचा हात थांबला.

"भाऊजी, माझं चार गुंठं तुमच्या शेताच्या मधोमध हायत. चारी बाजूंना तुमीच. गेल्या साली आपलं वाजलं, तवा तुमी बांधावरची वाट बंद केली असती, तर मीबी आठ दिवसांत सरळ झाले असते."

भाऊजी मोबाइल खिशात घालून उठून गेले. रागावले, असंच इंदूबाईला वाटलं. पण थोड्या वेळानं ते शेरभर तांदूळ घेऊन आले आणि डब्याशी उकिडवे बसले.

"आमच्यातलाबी घाल," ते म्हणाले. "आणि गावात कुठं बोलू नको."