खाडीकडून तिसरं

बाबा गेल्याच्या पाचव्या दिवशी मी कामावर गेलो. आमच्या कंत्राटात बाप मेला तर तीन दिवसांची रजा आहे. चौथा दिवस रविवार निघाला, तो फुकटात मिळाला. आई ओटीवर बसली होती. तिनं माझ्या बुटांकडं पाहिलं.

"सुतकान कामाव जातंस?"

"न्हाय गेलो तं कार्ड बंद करतील."

"बापूस गेला, पन तुज्या डोल्यान पानी न्हाय आलं," ती म्हणाली. रागानं नव्हे, चहात साखर कमी आहे असं सांगावं तसं. "बाया इचारतान मना."

खरंच आलं नव्हतं. अंघोळ घालताना बाबांचा हात थंडगार लागला तेव्हा माझ्या मनात आलं, कामावरच्या हॉलमध्ये एवढंच गार असतं. बस, एवढंच आलं. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल आपला नसल्यासारखा होतो ना, तसा मी पाच दिवस अख्खाच झालो होतो. लोक रडत होते आणि मी पाहुण्यांसाठी खुर्च्या कमी पडताहेत का ते बघत होतो.

आमचं डेटा सेंटर उरणच्या अलीकडं, खाडीला लागून आहे. ते जिथं उभं आहे तिथं पूर्वी आमचं मिठागर होतं, आम्ही नुसतं आगर म्हणायचो. जमीन गेली तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली, आमच्या घरातली माझ्या वाट्याला आली. अट एकच. मोठी चूक झाली तर माणूस जातो, आणि त्या घरातला दुसरा घेत नाहीत. आगराच्या बदल्यात आमच्याकडं जे काही उरलं होतं ते माझ्या गळ्यात लटकत होतं, माझ्या फोटोसकट. खाली नाव, प्रज्योत दयाराम.

काम सांगायला सोपं आहे. लोखंडी कपाटात एक पेटी असते, तिला चासी म्हणतात. आमच्याकडं ट्रकवाले बरेच, त्यांची चासी वेगळी. ह्या चासीत आठ ब्लेड शेजारी शेजारी उभी बसतात. नाव ब्लेड असलं तरी त्याला धार नसते. जाड वहीएवढी लांब पट्टी, आणि तिच्यात एक अख्खा संगणक. वीज, पंखे, तारा सगळ्यांना मिळून एकच, म्हणून जागा वाचते. एखादं बंद पडलं की खटका दाबून ओढायचं, दुसरं सरकवायचं. आत काय चाललंय हे मला कोणी सांगत नाही आणि मीही विचारत नाही.

बाबांना हे एकदा सांगितलं होतं. ते विडी पेटवायचे थांबले.

"म्हंजे आगरच," ते म्हणाले. "एका नाल्याव आठ वाफे. आमी ऊन मागायचो, तुमी थंडी मागता, येवराच फरक हाय."

आता मोजण्याबद्दल सांगायला हवं, सगळं त्याच्यावरच अडलं. आगरात डावं-उजवं नसतं. पाणी खाडीतून येतं, म्हणून पहिला वाफा म्हणजे खाडीकडचा. बाबा "तिसऱ्यात मीठ धरलंय" म्हणाले की कुणीही, कुठंही तोंड करून उभा असला तरी त्याच वाफ्याकडं जायचा. घरातही तेच. "खाडीकडची वाटी दे," "खाडीकडच्या पायाला मुंग्या आल्या." शाळेत गुरुजींनी उजवा हात वर करायला सांगितला तेव्हा मी आधी खाडी कुठं आहे ते पाहिलं होतं.

हॉलमध्ये कपाटांच्या दोन ओळी समोरासमोर आहेत. पहिलीकडं तोंड केलं की खाडी डाव्या हाताला, दुसरीकडं केलं की उजव्या. कंपनीचे आकडे मात्र कायम डावीकडून. चार वर्षं मी दुसऱ्या ओळीपुढं उभा राहिलो की आधी मनात आकडे उलटे करायचो, मगच हात लावायचो. कधी चुकलो नाही. हे मी कुणाला सांगितलंही नव्हतं, सांगण्यासारखं काय आहे त्यात?

त्या सकाळी फोनवर बंगळुरूचा इंजिनियर होता. दुसरी ओळ, चौथं कपाट, स्लॉट तीन, म्हणजे तिसऱ्या खाचेतलं ब्लेड बदला, म्हणाला. एरवी कुठलं ते कळावं म्हणून तो तिकडून ब्लेडवरचा निळा दिवा लावतो, पण हे ब्लेड पुरतं मेलं होतं, दिवा लागणार कुठून? मी चासीपुढं उभा राहिलो. एक, दोन, तीन. खटका दाबला आणि ओढलं. त्यावर हिरवा दिवा होता, तो मला दिसला. दिसला, एवढंच.

ब्लेड हाताला गरम लागलं तेव्हा कळलं. मेलेलं गरम नसतं. मी खाडीकडून मोजलं होतं, आणि चालतं काम उपटलं होतं.

ते लगेच परत बसवलं, पण कुठल्याशा विमा कंपनीचं काम अकरा मिनिटं बंद पडलं. तासाभरात मला मृणाल मॅडमनी बोलावलं. त्या आमच्या प्रमुख, पुण्याच्या, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्यांच्यापुढं अहवालाचा कागद होता, त्यात 'चुकीचं कारण' असा रकाना.

"कस्टमर विचारतोय, हा माणूस काढणार का," त्या म्हणाल्या. "मला तुला काढायचं नाहीये. तुझे वडील गेलेत. 'वडिलांच्या निधनामुळे कर्मचारी तीव्र मानसिक धक्क्यात होता,' एवढं लिहू. त्यावर कोणी काही बोलणार नाही."

"पण तसं झालं नाही मॅडम."

"मग कसं झालं?"

मी खाडीचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग खोलीभर पाहिलं. आमच्या इमारतीला खिडक्या नाहीत.

"कुठाय खाडी?"

मी न बघता बोट केलं. त्यांनी फोनवर नकाशा काढला, फोन हातातल्या हातात फिरवला आणि माझ्या बोटाकडं पाहिलं.

"बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण हे लिहिलं तर ते म्हणतील, हा चार वर्षं असाच मोजतोय, आधी याला काढा. तूच सांग, काय लिहू?"

मला आई दिसली, ओटीवरची. गळ्यातलं कार्ड जड वाटलं.

"धक्क्यात होता लिहा," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं. मी खाली सही केली. बाबांनी जमिनीवर सही केली तेव्हा ही नोकरी मिळाली होती, आता त्यांच्या मरणावर मी सही केली तेव्हा टिकली. मला दुःख झालंय असं कंपनीच्या कागदावर पक्कं झालं आणि मी तिथं कोरडा ठणठणीत उभा होतो. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

"स्लॉट तीन अजून बाकी आहे," मॅडम म्हणाल्या. "जमेल? आणि प्रज्योत, यापुढं फक्त डावीकडून. मनातसुद्धा."

"हो."

पुन्हा त्याच चासीपुढं उभा राहिलो, फोनवर तोच इंजिनियर. बोट आपसूक खाडीकडं गेलं आणि पहिल्या ब्लेडवर टेकलं. एक. हे बोट मी लावत नव्हतो. मला चालता येत नव्हतं तेव्हापासून बाबांनी ते असं लावायला शिकवलं होतं, खांद्यावर बसवून, बांधावरून. सकाळी माझं डोकं जाग्यावर नव्हतं आणि बाबाच मोजत होते.

मी हात मागं घेतला. दुसऱ्या टोकाला नेला, जिथून आमच्यात कुणी कधी मोजायला सुरुवात केली नाही. तिथून म्हणालो, एक. दोन. तीन. खटका दाबून ब्लेड ओढलं. ते थंडगार होतं.

तेव्हा मला कळलं की बाबा गेले. ब्लेड छातीशी धरून मी खाली बसलो आणि पंख्यांच्या आवाजात मोठ्यानं रडलो. फोनवर इंजिनियर विचारत होता, "बरोबर तेच निघालं ना?"

"व्हय," मी म्हणालो. "तेच."