न पाहिलेलं गटार

माझ्या बाळाच्या पाळण्याची कडी करकरली. झोका देत ताईने विचारलं, "गटार झालं म्हणून सही तुझीच ना गं?"

माझीच. प्लॉट पाडणारा बिल्डर रस्ते-गटारांसाठी बँकेची हमी आमच्या नगरपालिकेच्या कार्यालयात ठेवतो. काम डोळ्यांनी पाहूनच ती सोडायची असते. त्या दिवशी बाळ तापाने फणफणलं होतं, म्हणून मी जागेवर न जाता बिल्डरने पाठवलेल्या फोटोवरच भागवलं. फोटो दुसऱ्याच गटाराचा निघाला. हमी सुटली, बिल्डर पसार झाला आणि त्याच प्लॉटवरच्या ताईच्या नव्या घरात पावसाचं गुडघाभर पाणी शिरलं. हमी हातात असती, तर त्या पैशांतून आम्हीच गटार बांधून घेतलं असतं.

"मोठी साहेबीण! चिखल तुडवायला नको," ताई म्हणाली आणि बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालू लागली.

तिच्या लेकीने माझा हात ओढला. "मावशी, आमचं गटार आता कोण बांधणार?"